पानाची मागची बाजू

पत्र: "गच्चीवर बारा कुंड्या आणि तीन वर्षांची हौस, एवढं माझं भांडवल. यंदा टोमॅटोच्या दोन झाडांची शेंड्याची पानं कडांना पिवळी पडून वाटीसारखी वर वळली, आकसली आणि झाडं तिथंच खुंटली. एकाला कसेबसे चार टोमॅटो लागले, तर त्यांची बुडं काळी. अंड्याची टरफलं घातली, उपयोग शून्य. मिरचीवर बोकड्या आलाय, पानं वेडीवाकडी वळलीत. वांग्याच्या दोन्ही झाडांचे शेंडे माना टाकतात आणि फळ चिरलं की आत अळी. काकडी बोटाएवढी होते आणि पिवळी पडून गळते. मावा आणि मुंग्या तर पाचवीला पुजलेल्या. बरं, मी काही हात जोडून बसलेली नाही. नीमतेल, साबणाचं पाणी, लसूण-मिरचीचा अर्क, सगळं आळीपाळीनं चालू आहे. दर दोन दिवसांनी, दुपारी कामं आटोपली की, सगळ्या झाडांना न चुकता फवारते. तरी पानांच्या कडा जळाल्यासारख्या. आता ओळखीतल्या एकानं शेतात मारायचं औषध छोट्या बाटलीत ओतून दिलंय. ते मारू का? की माझ्या हातालाच गुण नाही असं समजून कुंड्या देऊन टाकू? – हरलेली माळीण"

माळीणबाई,

आधी त्या बाटलीचं बघू. मारू नका. औषध म्हटलं की वाईटच, असं माझं म्हणणं नाही. त्या बाटलीवर लेबल नाही, हे माझं दुखणं आहे. आत काय आहे, कोणत्या पिकासाठी आहे, लिटरभर पाण्यात किती घालायचं आणि फवारल्यावर किती दिवस फळ तोडायचं नाही, हे मूळ डब्यावर छापलेलं असतं. यातली शेवटची गोष्ट आपल्यासाठी सगळ्यात अवघड. शेतकरी ठरवून तोडणी करतो, त्याला दिवस मोजता येतात. आपण रोज जाऊन दोन मिरच्या आणि एक वांगं तोडून आणणारी माणसं, आपल्याला कुठला धीर! शिवाय साध्या बाटलीत ओतलेलं विष घरात असणं हा वेगळाच धोका. मोरीत ओतू नका. झाकण घट्ट लावून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा आणि ज्यानं दिलं त्याला परत करा.

आता पत्राकडे वळते. त्यातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं: "दर दोन दिवसांनी, दुपारी, सगळ्या झाडांना." तुम्ही ते तुमच्या कष्टांचा पुरावा म्हणून लिहिलंय. मला त्यात तुमच्या निम्म्या दुखण्यांचं मूळ दिसलं. रागावू नका, मीही याच वाटेनं गेलेली आहे.

मावा घ्या. उबदार हवेत माव्याच्या मादीला नर लागत नाही, अंडी घालायचीही गरज पडत नाही. ती थेट पिल्लंच जन्माला घालते, रोज काही. आठ-दहा दिवसांत ती पिल्लं स्वतः आया झालेली असतात. माव्याला खाणाऱ्या लेडीबर्ड भुंगेऱ्याला मात्र अंड्यातून निघून पूर्ण वाढ व्हायला तीन-चार आठवडे लागतात. साबणाचं पाणी दोघांवरही पडतं, आणि ते अंगावर पडलं की मऊ अंगाची अळी मरते, मग ती मित्राची असो की शत्रूची. पानाखाली दडलेले पाच मावे वाचतात. त्या पाचांचे पाचशे होईपर्यंत त्यांना खायला कुणी उरलेलंच नसतं. तुम्ही पुन्हा फवारता. मावा पुन्हा येतो, आणि दर वेळी आधीपेक्षा निर्धास्त.

लेडीबर्डचा लाल, काळ्या ठिपक्यांचा भुंगेरा सगळ्यांना ओळखता येतो. तिची अळी ओळखणारी माणसं कमी. ती दिसते मगरीच्या पिल्लासारखी: लांबट, काळसर, खरबरीत, अंगावर नारिंगी ठिपके, चाल भराभर. पहिल्या वर्षी मी अशा वीस-पंचवीस "भयानक किडी" चिमटीत धरून चिरडल्या आणि दोन दिवस स्वतःवर खूश होते. पुढच्या आठवड्यात घेवड्याचा वेल माव्यानं काळा झाला. मग कुठंतरी त्या अळीचं चित्र पाहण्यात आलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

हीच चूक माझ्यापेक्षा फार मोठ्या माणसांनी फार मोठ्या जागेत केलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागा कापसासारख्या दिसणाऱ्या एका खवले किडीनं मरायला टेकल्या होत्या. १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून एक लहानसा भुंगेरा आणून सोडला, आणि दीड-दोन वर्षांत कीड आटोक्यात आली. पुढं १९४० च्या दशकात डीडीटी हे कीटकनाशक आलं, बागांमध्ये फवारलं गेलं, आणि ज्या किडीला लोक विसरले होते ती परत उसळली. डीडीटीनं भुंगेरा मेला होता. तुमच्या बारा कुंड्यांमध्ये हेच नाटक छोट्या पडद्यावर चाललंय.

मुंग्यांचं म्हणाल तर त्या झाड खायला येत नाहीत. मावा रस पितो आणि मागून गोड चिकटा सोडतो, तो प्यायला त्या येतात. बदल्यात माव्याची राखण करतात, लेडीबर्डला हुसकावून लावतात. म्हणजे गुराखीच. त्याच चिकट्यावर काजळीसारखी काळी बुरशी चढते. ती ओल्या फडक्यानं पुसून निघते, तिच्यासाठी वेगळं औषध शोधत बसू नका. मुंग्यांची वाट तोडायची असेल तर कुंडी पाण्याच्या पसरट भांड्यात विटेच्या तुकड्यांवर ठेवा. पाणी दोन-तीन दिवसांनी बदलायचं, नाहीतर डासांची सोय होते. माव्यासाठी पहिला उपाय नुसतं पाणी. पान एका हातानं आधारायला धरून खालच्या बाजूला जोरात धार मारा, सलग तीन दिवस सकाळी. खाली पडलेले बहुतेक मावे परत चढून येत नाहीत. आणि पानावर फुगलेले, तपकिरी, न हलणारे मावे दिसले तर त्यांना हात लावू नका. त्यांच्या पोटात एका बारीक परोपजीवी गांधीलमाशीची अळी वाढत असते. बाहेर पडली की ती आणखी मावे शोधायला निघते. बिनपगारी नोकर.

नीमतेलाला मी नावं ठेवत नाही, माझ्याकडेही आहे. पण ते काय करतं हे आधी समजून घ्या. त्यामुळं कीड जागच्या जागी पडत नाही. तिचं खाणं सुटतं आणि कात टाकण्यात बिघाड होतो, म्हणून परिणाम दिसायला काही दिवस लागतात. "काल मारलं, आज कीड तशीच" म्हणून परत मारायचं नसतं. उन्हात त्याचा प्रभाव लवकर संपतो, आणि भर दुपारी तेल किंवा साबण पानावर बसलं की पान करपतं. तुम्ही लिहिलेल्या "पानांच्या कडा जळाल्यासारख्या" या ओळीचं उत्तर मला वाटतं इथंच आहे. फवारायचंच तर संध्याकाळी, लिटरला पाच मिली तेल आणि ते पाण्यात मिसळण्यापुरता एक-दोन मिली सौम्य द्रव साबण. कपडे धुण्याची पावडर मुळीच नको. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस बघायचं. पुढची फवारणी आठवड्यानं. ज्या झाडावर कीड आहे त्याच झाडावर, आणि पानाच्या मागच्या बाजूला, कारण बिऱ्हाड तिथं असतं. वरून पान चकचकीत ओलं करून आपलं समाधान होतं, एवढंच. लसूण-मिरचीच्या अर्काबद्दल माझं मत फारसं बरं नाही. डोळे चुरचुरतात ते आपले.

आता काकडी. गळलेली एक काकडी उभी चिरा. आत पांढऱ्या बारीक अळ्या वळवळताना दिसल्या तर फळमाशी. मग लहान फळांवर जाळीची किंवा कागदाची पिशवी चढवायची, नर माश्यांना वासानं ओढणारा कामगंध सापळा लावायचा, आणि गळालेलं प्रत्येक फळ उचलून पिशवीत गच्च बांधून टाकायचं. कुंडीत पडू दिलं तर पुढची पिढी त्याच मातीत कोशात जाते. पण आत काहीच नसेल, नुसतं आकसलेलं फळ असेल, तर ते फळ फळलंच नव्हतं. काकडीच्या वेलावर नर आणि मादी फुलं वेगळी असतात. मादी फुलाच्या मागं इवलीशी काकडी आधीच असते, परागकण मिळाले नाहीत तर ती पिवळी पडून गळते. हे काम मधमाश्यांचं. ज्या गच्चीवर दर दोन दिवसांनी लसूण आणि साबणाची आंघोळ चालते तिथं मधमाशीनं का यावं?

पंप बाजूला ठेवल्यावर त्या परत येतील. तोवर सकाळी नऊच्या आत एक ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागं वळवा आणि मधला भाग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवा. मादी फूल ओळखायचं मागच्या फुगवट्यावरून. दुधी किंवा दोडका लावलात तर हेच काम संध्याकाळी करावं लागेल, कारण त्यांची फुलं त्या वेळी उमलतात. आणखी एक. वेलावर सुरुवातीला बहुतेक नर फुलंच येतात आणि गळतात. त्या गळण्यावर पत्रं लिहू नका.

वांग्याचं निदान सोपं आहे आणि उपाय कंटाळवाणा. शेंडा व फळ पोखरणारी अळी. ती आधी कोवळ्या शेंड्यात शिरते, म्हणून शेंडा मान टाकतो. फळं आली की फळात शिरते. एकदा आत गेली की बाहेरून मारलेलं काहीही तिच्यापर्यंत पोचत नाही, नीमतेलही नाही आणि त्या बाटलीतलंही क्वचितच. मान टाकलेला शेंडा दिसला की त्याच दिवशी, सुकलेल्या भागाच्या बोटभर खालून कापायचा आणि पिशवीत बांधून टाकायचा. छिद्र पडलेलं फळही तसंच. शेतात हे रोज करणं अवघड असतं. तुमची दोन झाडं आहेत. इथं तुम्ही शेतकऱ्यापेक्षा सरस आहात.

मिरचीच्या बोकड्याला लोक एकच रोग समजतात, पण ती निदान तीन दुखण्यांची एकच तक्रार आहे. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून होडीसारखं पान झालं असेल तर संशय फुलकिड्यांवर. कडा खाली वळून उलटी होडी झाली आणि देठ लांबट झाले असतील तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस पिणारी बारीक कीड). पानं बारीक, पिवळट, गुच्छ झालेली आणि झाड खुजं राहिलं असेल तर विषाणू. शेंड्याखाली पांढरा कागद धरून शेंड्यावर टिचकी मारा. दोऱ्याच्या तुकड्यासारखं, मिलिमीटरभर लांबीचं काही चालताना दिसलं तर फुलकिडे. मिरचीवरचा हा कोळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्याला भिंग लागतं. कोळ्यावर पाण्यात मिसळणारं गंधक चालतं, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात. पण तुमच्या झाडांवर तेल बसलेलं आहे आणि तेलावर गंधक पडलं की पानं भाजतात. शेवटच्या नीमतेलानंतर पुरते दोन आठवडे जाऊ द्या, आणि कडक उन्हाच्या दिवसांत तर गंधक नकोच. फुलकिड्यांसाठी विळखा पडलेले शेंडे खुडून टाका आणि झाड तहानलेलं ठेवू नका. कोरड्या, तापलेल्या हवेत ते फार वाढतात.

काळ्या बुडाच्या टोमॅटोंबद्दल तुम्हाला कुणीतरी अर्धवट खरं सांगितलं. फळाला कॅल्शियम कमी पडलं की बूड काळं, चामड्यासारखं होतं, हे बरोबर. पण बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतं, ते फळापर्यंत पोचत नसतं. ते पाण्याबरोबर वर चढतं. कुंडी एक दिवस रखरखीत आणि दुसऱ्या दिवशी चिखल असली की पुरवठा तुटतो. अंड्याचं टरफल कुजायला इतका वेळ घेतं की तोवर हंगाम उरकलेला असतो. बोट दोन पेरं मातीत खुपसा. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर नाही. मातीवर वाळलेल्या पानांचं तीन-चार बोटं आच्छादन घाला. काळी फळं तोडून टाका, पुढची फळं बहुधा नीट येतील. आणि खत घालताना हात आखडता ठेवा. नत्र जास्त झालं की झाड लुसलुशीत पाल्याचं होतं, माव्याला तेच हवं असतं, आणि फुलं मात्र रुसतात.

राहिलं टोमॅटोचं आकसणं. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं. टोमॅटोची पानं गुंडाळली की लगेच घाबरायचं नसतं. खालची जुनी पानं हिरवीगार असून वरच्या बाजूला वळली, हाताला जाड लागली आणि शेंडा मात्र सरळ वाढतोय, तर ते ऊन आणि पाण्याची ओढ यामुळं झालेलं असतं. झाडाला त्याचं काही होत नाही. पण तुम्ही लिहिलंय ते वेगळं आहे: शेंड्याची पानं लहान, कडा पिवळ्या, वाटीसारखी वर वळलेली, झाड खुंटलेलं. ही पर्णगुच्छ रोगाची लक्षणं. विषाणू आहे, आणि तो पांढरी माशी पसरवते. पान हलवल्यावर राखेच्या कणांसारख्या उडतात त्या. यावर औषध नाही. नीमतेल नाही, बाटलीतलं नाही, मायेनं बोलणंही नाही. मी एका झाडाला अशी दोन महिने खतं-पाणी करत बसले होते. त्याला एकही टोमॅटो धरला नाही, आणि तेवढ्या वेळात शेजारची तीन झाडं गेली.

ही दोन झाडं काढायची, बाकीच्या बागेसाठी. उद्या सकाळी लवकर, गारवा असताना. तेव्हा माशी सुस्त असते. आधी झाडावर मोठी पिशवी उपडी घाला, खालून बांधा, मग उपटा. नुसतं उपटलंत तर माश्या उडून दुसऱ्या झाडावर बसतील आणि रोगही सोबत नेतील. ती पिशवी खतात नको, कचऱ्यात. पुढच्या वेळी रोपं लावल्याबरोबर पहिले महिना-दीड महिना बारीक जाळीखाली ठेवा, कारण लहान वयात लागण झालेल्या झाडाचंच सगळ्यात जास्त नुकसान होतं. फुलं आली की जाळी काढा. पिवळे चिकट कागद टांगलेत तर एक-दोनच टांगा, माशी आली का ते कळण्यापुरते. त्यांना मित्रकीटकही चिकटतात. आणि सगळी रोपं एकाच दिवशी लावू नका. तीन आज, तीन पंधरा दिवसांनी. एक तुकडी गेली तरी दुसरी हाताशी असते.

हाताला गुण नाही म्हणता. तीन वर्षं न चुकता दर दोन दिवसांनी जो हात पंप मारतो, त्या हाताबद्दल मला काहीच काळजी नाही. त्याला एखादं भिंग आणि टॉर्च द्या. पुढचे पंधरा दिवस फवारणी पूर्ण बंद. रोज दहा मिनिटं, प्रत्येक झाडाची पाच-सहा पानं उलटून बघायची आणि वहीत दोन ओळी लिहायच्या. एखाद्या रात्री टॉर्च घेऊनही चक्कर मारा, कारण कोवळी रोपं बुंध्याशी कुरतडणारी अळी आणि गोगलगाय दिवसा सापडत नाहीत. अळी मातीत बोटभर खोल झोपलेली असते, गोगलगाय कुंडीच्या बुडाखाली. दोन्ही हातानं वेचायच्या.

टोमॅटोच्या रिकाम्या कुंड्यांमध्ये आता पुन्हा टोमॅटो, मिरची किंवा वांगं नको, ती सगळी एकाच घरची. हा विषाणू मातीत राहत नाही, पण झाड सुकवणारा मर रोग राहतो आणि त्याला हेच घराणं आवडतं. माती उकरून चार दिवस उन्हात पसरा, थोडं जुनं शेणखत घाला आणि चवळी पेरा. आठवड्याच्या आत उगवलेली दिसेल. चवळीवर मावा येईल, हे आत्ताच सांगून ठेवते. तो चवळी सोडत नाही. आला की पंपाकडे धावू नका. पान उलटा, आणि त्या गर्दीत मगरीच्या पिल्लासारखं काही फिरतंय का ते बघून मला कळवा.